"मला काही नाही, हिला बघा": किल्लारीच्या भूकंपातलं एक घर

डिसेंबर १९९३. तेरणाकाठच्या एका गावाबाहेर पत्र्याच्या शेडची रांग. त्यातल्या एका शेडसमोर सतरंजी टाकलेली आणि तिच्यावर शहरातून आलेल्या तपासणी पथकातली दोन माणसं, मांडीवर छापील फॉर्म घेऊन. माझी आत्या त्यांच्यासमोर बसून दीड तास बोलली. झोप लागते का? नाही. रडू येतं का? येतं. भीती वाटते का? पत्रा वाजला की पळते. छातीत धडधडतं? सारखं. प्रत्येक प्रश्नाला तिनं लांबलचक उत्तर दिलं, मधे मधे पदरानं तोंड पुसलं. मग ती माणसं आत्याच्या यजमानांकडे वळली. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामा उभेच होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात पहार.

"मला काही नाही. हिला बघा," एवढं म्हणून ते जुन्या गावाच्या दिशेनं निघून गेले.

आत्याला गोळ्या सुरू झाल्या. मामांना काही झालेलं नाही असं ठरलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि वडिलांबरोबर भेटायला गेले होते. मलाही तसंच वाटलं, मामा सावरले. पुढे समुपदेशनाच्या कामात पडले, वीसेक वर्षं गावोगाव दुःखात बसलेल्या माणसांशी बोलले, तेव्हा कुठे त्या दुपारचा अर्थ नीट लागला. हे प्रकरण त्याच घराचं आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

त्या रात्री कोण कुठे होतं

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. तीन वाजून छपन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांची सीमा हादरली. तीव्रता साधारण ६.२. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं ही काही फार नव्हे, पण आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. कारण घरं. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर दरवर्षी थर चढत गेलेलं मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं घर म्हणून ज्याचा अभिमान होता, तेच अंगावर आलं. कुडाच्या झोपडीत राहणारे पुष्कळ जण वाचले आणि सहा-आठ खणांच्या वाड्यांत अख्खी कुटुंबं गाडली गेली.

किल्लारीच्या आसपास ऑक्टोबर १९९२पासून लहान धक्के बसत होते. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग सवय झाली आणि परत आत गेले. आता जे लिहिते आहे ते या प्रकरणात महत्त्वाचं आहे. सगळेच आत गेले नव्हते. बाप्ये माणसं शेतात राखणीला, पारावर, ओट्यावर झोपायची, आणि बायका-लेकरं घरात, कडी लावून.

मामा हायब्रीड ज्वारीच्या राखणीला शेतातल्या आखाड्यावर होते. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा मंडळाच्या पोरांबरोबर मारुतीच्या पाराशेजारी उघड्यावर झोपला होता. घरात आत्या, तिची सासू आणि नऊ वर्षांची मुलगी, जिला घरात ताई म्हणायचे. मामा अंधारात धावत आले तेव्हा गल्ली कुठे होती तेच कळेना. दगड हातांनी उपसत आत्याला बाहेर काढलं तेव्हा ऊन चढलं होतं. तिचा उजवा हात मोडलेला. सासू आणि मुलगी दुपारनंतर सापडल्या.

चितेला लाकूड कुठून आणायचं? पडलेल्या घरांच्या तुळया, दारं, चौकटी गोळा केल्या. मामांनी स्वतःच्या घराचं दार खांद्यावरून नेलं. एकेका सरणावर अनेक देह होते. कुणी कुणाला अग्नी दिला, कुणाचा दहावा कधी, याचा हिशेब राहिला नाही. एरवी आपल्याकडे घरात मरण झालं की माणसाला काय करायचं ते विचारावं लागत नाही. शेजारी भाकरी आणतात, पाहुणे सांत्वनाला येतात, पुरुष क्षौर करतात, बायका गळ्यात पडून रडतात, तेराव्याला दुखवट्याचे कपडे येतात. इथे भाकरी आणणारा शेजारीच ढिगाऱ्याखाली होता.

एकाच अंगणातल्या दोन सूचना

चौथ्या दिवशी आम्ही आत्याला आमच्या गावी, तिच्या माहेरी घेऊन आलो. मुलगाही बरोबर होता. आमच्या अंगणात बायका जमल्या. मराठवाड्यात बायका कशा रडतात ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना सांगायला नको. तो नुसता आवाज नसतो. हेल काढून, गेलेल्या माणसाला हाक मारून, त्याच्या एकेका गोष्टीची आठवण काढून रडतात. "काल तर माझ्याकडनं रिबिनी मागितल्या गं लेकी," असं म्हणत आत्यानं सुरुवात केली की भोवतीच्या बायका तो धागा उचलायच्या. मी कडेला उभी होते. माझ्या आजीनं मला ओढून त्या घोळक्यात बसवलं आणि म्हणाली, "रड गं, मोकळी हो."

माझ्यापासून चार हातांवर माझा आतेभाऊ उभा होता. त्याचा ओठ थरथरायला लागला तशी माझ्या चुलत्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात प्रेमाचाच होता. "आता तू बापय हायस. तू रडलास तर आईनं कुणाकडं बघावं?" आणि त्याला बैलांना पाणी दाखवायला पाठवून दिलं.

बायका भावुक असतात आणि पुरुष कठोर असतात, असं कुणी सहज म्हणालं की मला ते अंगण आठवतं. एकाच दिवशी, एकाच मरणाबद्दल, एका मुलीला आणि एका मुलाला दोन वेगळ्या गोष्टी शिकवल्या गेल्या. दोन्ही शिकवणी मायेनं दिलेल्या होत्या, म्हणून तर त्या इतक्या खोल बसल्या.

आकडे काय सांगतात आणि काय नाही

आपत्तीनंतरच्या मानसिक त्रासावर जगभर अभ्यास झाले आहेत. मानसशास्त्रज्ञ फ्रॅन नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली साठ हजारांहून अधिक आपत्तीग्रस्तांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. जिथे स्त्री-पुरुष फरक आढळला, तिथे बहुतेक वेळा स्त्रियांचा त्रास जास्त निघाला. आपल्या लातूर भागातल्या मोजक्या भूकंपग्रस्तांची तपासणी करून लिहिलेला एक प्राथमिक अहवाल १९९६ साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना काही ना काही मानसिक आजार होता आणि त्याचा संबंध बाई असण्याशी आणि घर-सामान नष्ट होण्याशी दिसला.

हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. बायकांच्या वाट्याला खरोखर जास्त आलं होतं. शेडमध्ये आडोसा नव्हता, अंघोळीला पहाटे अंधारात उठावं लागायचं. पाणी लांबून आणायचं, मोडक्या हातानं भाकरी थापायची, जखमींचं करायचं, वाचलेल्या लेकरांना झोपवायचं. जमीन, घर, मदतीचा धनादेश, सगळं पुरुषाच्या नावावर. नवरा गेलेल्या बाईच्या पैशांवर सासर आणि माहेर दोघांचे डोळे. शिवाय वर एक वाक्य, जे आत्यानं अनेकदा ऐकलं आणि जे मी आजही विसरू शकत नाही: "तू तर जवळच होतीस, लेकरू कसं नाही ओढलंस?" अशा बाईला झोप लागत नसेल तर तो तिचा स्वभाव म्हणायचा का?

पण त्याच नॉरिस यांचं २००१चं एक काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी फ्लोरिडातल्या अँड्र्यू वादळानंतरचे गोरे आणि कृष्णवर्णीय अमेरिकन आणि मेक्सिकोतल्या पॉलिना वादळानंतरचे लोक यांची तुलना केली. स्त्री-पुरुषांमधली दरी मेक्सिकोत सगळ्यात रुंद होती, आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये अरुंद. म्हणजे दरी आहे, पण तिची रुंदी समाजागणिक बदलते. नुसत्या शरीरातून आलेली गोष्ट अशी बदलली नसती. बाईनं कसं असावं आणि पुरुषानं कसं असावं याचे नियम जिथे घट्ट, तिथे दुःखाच्याही दोन वेगळ्या वाटा पडतात. आमचं अंगण त्या नकाशावर कुठे बसेल हे सांगायला मला अभ्यासाची गरज नाही.

दुसरी गोष्ट, दिसणं आणि असणं यातली. मानसशास्त्रज्ञ ॲन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९८ साली केलेल्या प्रयोगांत तरुण मुलामुलींना भावना चाळवणारे चित्रपटांचे तुकडे दाखवले. मुलींच्या चेहऱ्यावर भाव जास्त उमटले, पण आत काय वाटलं असं विचारल्यावर मुलगे आणि मुली यांच्या सांगण्यात तसा फरक नव्हता. ते चार भिंतींतले चित्रपट, हा भूकंप. तुलना ताणू नये हे मला कळतं. तरीही त्या डिसेंबरातल्या फॉर्मकडे या नजरेनं पाहा. रडू येतं का, भीती वाटते का, मन उदास असतं का, हे प्रश्न ज्या दाराशी जाऊन उभे होते त्या दारातून मामांचं दुःख बाहेर पडतच नव्हतं.

मामांचे दगड

ते कुठून बाहेर पडत होतं ते सगळं गाव रोज पाहत होतं. मामा सकाळी भाकरी बांधून जुन्या गावात जायचे, पडलेल्या घराचे दगड उकरायचे आणि लावून ठेवायचे. मोठे एकीकडे, मधले एकीकडे, चिपा वेगळ्या. कोपऱ्याचे घडीव दगड वेगळे. दिवस मावळला की परत. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पुढचा उन्हाळा आला. लोक म्हणायचे, माणूस बघा कसा कामाला लागला. कुणी त्यांचं उदाहरण द्यायचं. घर पुन्हा त्याच जागी होणार नाही, पूर्ण उद्ध्वस्त झालेली पन्नासवर गावं नव्या जागी वसवायची आहेत, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. त्या दगडांचा काहीही उपयोग नव्हता. तरी मामांना कुणी विचारलं नाही की तुम्ही हे कशासाठी करता.

पुरुष काम करतो म्हणजे सावरला, हा समज आपत्तीनंतर सगळ्यात महागात पडतो. हातांना काम असणं चांगलंच. पहिल्या आठवड्यात कुणीतरी पहार हातात घ्यायलाच हवी होती, कुणीतरी सरणं रचायलाच हवी होती. ती ज्यांनी रचली त्यांचं ऋण मोठं आहे. पण दुःख कामात ओतणाऱ्याचं काम संपलं की काय होतं? १९९५-९६च्या सुमारास त्यांच्या नव्या गावची घरं तयार झाली. जमिनीच्या हिशेबानं कुणाला अडीचशे, कुणाला चारशे, कुणाला साडेसातशे चौरस फूट. सरळ रस्ते, आखीव रांगा, लांब लांब पसरलेलं गाव. जुनी गल्ली चार दिशांना वाटली गेली. मामांना चारशे फुटांचं घर मिळालं आणि दगड लावायचे थांबले.

दारू तेव्हा सुरू झाली. त्या भागात अनेक घरांत हेच झालं. लोक म्हणाले, फुकटचे पैसे हातात आले म्हणून. पैसे हे एक कारण असेलही. मी मात्र तारखा लावून पाहिल्या आहेत. आमच्या घरात दारू धनादेशाच्या दिवशी आली नाही. ती पहार कोपऱ्यात ठेवल्यावर आली. मग चिडचिड, ताटं भिरकावणं, आत्यावर एकदा उगारलेला हात. पुढे छातीत कळ आली म्हणून लातूरला नेलं, तपासण्या झाल्या, हृदय ठीक निघालं. "गॅस असेल." चिडणारा, पिणारा, छातीत दुखतं म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या मारणारा पुरुष दुःखी आहे असं कुणाच्या मनात येत नाही. मनात यायला हवं. आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्या दहांपैकी साधारण सात पुरुष असतात. जे रडत नाहीत ते सुखरूप असतात, असा अर्थ या आकड्यातून कुठेही निघत नाही.

आत्याचं वळण

आत्याचं रडणं तिला वाचवत होतं, असंही सरसकट म्हणता येणार नाही. पहिले दोन-तीन महिने तिच्याभोवती बायका होत्या तोवर रडणं हे सगळ्यांचं होतं. पुढे बायका आपापल्या कामाला लागल्या आणि ती एकटीच तेच तेच उगाळत राहिली. कडी का लावली, दिवा का मालवला, पोरीला भिंतीकडे का झोपवलं. सुझन नोलेन-होएक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपाच्या थोडं आधी योगायोगानं विद्यार्थ्यांची पाहणी केलेली होती. भूकंपानंतर त्यांना पुन्हा गाठलं तेव्हा दिसलं की ज्यांना आधीपासून आपल्या उदासीचाच विचार घोळवत बसायची सवय होती त्यांना नंतर जास्त त्रास झाला. आणि ही सवय स्त्रियांमध्ये जास्त आढळते, असं त्यांच्या एकूण कामातून पुढे आलं. मला यात एवढंच जोडायचं आहे की बाईला घरात बसवून ठेवलं, निर्णय दुसऱ्यांनी घेतले, तर घोळवण्याशिवाय तिच्या हाती उरतं काय?

आत्याच्या हाती दुसरं काही आलं ते असं. आमचं गाव पडलं नव्हतं, पण भिंतींना भेगा गेल्या होत्या. अशा शेकडो गावांसाठी सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम काढला. त्यात लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या सुमारे तेराशे गावांत महिला मंडळांमधून बायका पुढे आल्या. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. घरोघरी जायचं, पैसे कसे मिळतात, भिंतीत काय सुधारायचं, माळवदाचा भार का कमी करायचा, कोपरे एकमेकांत कसे गुंतवायचे, हे लोकांना समजावायचं. माझी आई त्यांच्यातली एक. घरातल्या सुनेनं हातात वही घेऊन गवंड्याशी वाद घालणं आमच्या गावानं आधी पाहिलं नव्हतं.

आत्या तेव्हा महिना-महिना आमच्याकडे राहायची. आई तिला सोबत न्यायला लागली, केवळ घरात एकटी राहू नये म्हणून. तिसऱ्या-चौथ्या घरी एक म्हातारी म्हणाली, आमच्या भिंतीला शंभर वर्षं काही झालं नाही, आता काय होणार. आई समजावत होती, तांत्रिक बोलत होती. आत्या उठली. प्लॅस्टर काढून बरेच दिवस झालेला पण वाकडा जुळलेला तो हात तिनं भिंतीला लावला आणि म्हणाली, "माय, ही आतली आन् बाहेरली अशी दोन सालटं हायेत. मधी नुसती माती. हलली की बाहेरलं बाहेर जातंय आन् आतलं अंगावर येतंय. माझ्या लेकीवर आलं तसं."

म्हातारीनं त्याच आठवड्यात अर्ज भरला.

त्यानंतर आत्यानं ती गोष्ट किती घरांत सांगितली याची मोजदाद नाही. गोष्ट तीच होती, जी ती मध्यरात्री उठून स्वतःला सांगायची. पण आता तिला ऐकणारं माणूस होतं आणि शेवटी एक भिंत दुरुस्त व्हायची. गोळ्या हळूहळू कमी झाल्या. ती रडायची थांबली नाही. कधीच थांबली नाही, आणि थांबायचं कारणही नव्हतं. पण रडून झाल्यावर चप्पल घालून बाहेर पडायला लागली. २००१ साली कच्छला भूकंप झाला तेव्हा इथल्या बायका तिकडच्या बायकांना धीर आणि माहिती द्यायला गेल्या. आत्या गेली नाही, गुडघे चालेनात. पण जाणाऱ्या बायकांना तिनं शेंगदाण्याच्या चटणीचे डबे भरून दिले आणि सांगून ठेवलं, "आधी बसून ऐका. पत्र्याचं, पैशाचं नंतर."

त्या कार्यक्रमाचं महत्त्व लोक घरांच्या संख्येत मोजतात. माझ्या लेखी त्याची दुसरी एक बाजू आहे. बायकांचं दुःख आणि काम त्यानं एका जागी आणलं. आत्याला रडता येत होतं, तिला हवं होतं काम, ते मिळालं. मामांना काम येत होतं, त्यांना हवं होतं बोलणं, आणि त्यासाठी त्या दोन जिल्ह्यांत कुणीही सतरंजी टाकली नाही. गावाच्या पुनर्वसन समित्यांत पुरुष होते, पण तिथे बोलायचं ते भूखंडाबद्दल आणि यादीतल्या नावांबद्दल.

२००८ची दुपार

मी समुपदेशनाचं शिक्षण घेऊन कामाला लागले होते. मामांशी बोलायचं असं मनाशी ठरवून नव्या गावी गेले. ओट्यावर बसून, शिकल्याप्रमाणे, हळू आवाजात विचारलं, "मामा, ताईची आठवण येऊन वाईट वाटतं का?"

"नाही." तंबाखू मळत राहिले.

"रात्री झोप..."

"लागते की."

पंधरा वर्षांनी मी तोच फॉर्म घेऊन आले होते. फक्त तो कागदावर नव्हता. थोडा वेळ गप्प बसले आणि मग खरोखर मला लहानपणापासून पडलेला प्रश्न विचारला. "मामा, तुम्ही दगड कसे लावत होता? मोठे कुठे, लहान कुठे?"

त्यांनी तंबाखू टाकून दिली. काडीनं जमिनीवर घराचा नकाशा काढला. इथं ढेळज, इथं सोपा, इथं मधलं घर, इथं चूल. कोणत्या भिंतीचा दगड कुठल्या रंगाचा होता, कोणता त्यांच्या आजोबांनी घडवून आणलेला होता, सगळं. मग काडी मधल्या घराच्या एका कोपऱ्यावर थांबली. म्हणाले, त्या रात्री आखाड्यावर जायची पाळी त्यांच्या भावाची होती. विसर्जनात तो दमला म्हणून हे गेले. "मी घरी असतो तर पोरगी माझ्याजवळ झोपली असती. मी दाराशी झोपतो. दाराची चौकट उभीच राहिली होती. मीच तर काढून नेली ती." ते दोन तास बोलले. डोळे कोरडेच होते. आत्या आतून ऐकत होती, नंतर म्हणाली की चौकटीचं तिला पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतं.

घराबाहेर झोपलेला म्हणून वाचलेला पुरुष: त्या भागात असे किती असतील. बायकोला, लेकरांना आत ठेवून आपण बाहेर होतो, ही टोचणी त्यांच्यापैकी कितीजणांनी कुणाजवळ बोलून दाखवली असेल? आत्याला गावानं तोंडावर दोष दिला, ती त्याविरुद्ध रडू तरी शकली. मामांना कुणीच दोष दिला नाही, उलट कौतुक केलं, त्यामुळे तो दोष त्यांनी स्वतःच, एकट्यानं, रोज स्वतःला दिला.

त्या दिवसापासून माझी कामाची रीत बदलली. दुर्घटनेनंतर एखाद्या पुरुषाला मी "कसं वाटतं" असं आधी विचारत नाही. "तुम्ही काय केलंत, कुठून सुरुवात केली, कुणाला आधी काढलंत" असं विचारते. हाताला धरून गेलं की मनापर्यंत वाट निघते. शक्य तिथे एखाद्या कामाच्या जागीच बसते. बांधावर, गोठ्यात, मोटार दुरुस्त करता करता. समोरासमोर बसवून डोळ्यांत बघून बोलायला लावलं की बहुतेक बाप्ये पाच मिनिटांत उठतात. घरातली बाई जेव्हा म्हणते की हे फार चिडके झालेत, तेव्हा ती तक्रार मी नवऱ्याची तब्येत सांगणारी नोंद म्हणून लिहून घेते, आणि त्याबरोबर तिच्या अंगावर हात पडतो का हेही विचारते, कारण त्याचं दुःख समजून घेणं म्हणजे तिनं मार सोसणं नव्हे. बायकांच्या बाबतीत उलट सावध राहते. त्या बोलतात, रडतात, म्हणून त्यांना आपण ऐकलं असं समजायला नको. रडणाऱ्या बाईला आपण पाण्याचा पेला देतो आणि समितीतली खुर्ची देत नाही. तिचा राग तर आपल्याला अजिबात चालत नाही. आत्यानं "तू तर जवळच होतीस" म्हणणाऱ्या जावेला एकदा मोठ्यानं उत्तर दिलं, तर सगळी भावकी म्हणाली, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

आणि नियमात न बसणारी माणसं असतातच. त्याच गावात भावाच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडणारे पुरुष मी पाहिले, आणि अशी एक बाई पाहिली जिनं दोन मुलं गेल्यावर एक थेंब काढला नाही. तिला गाव 'दगडाच्या काळजाची' म्हणायचं. रडणाऱ्या पुरुषाला थोडी चेष्टा आणि न रडणाऱ्या बाईला थेट संशय, हाही त्याच दोन सूचनांचा हिशेब.

मुलगा

आतेभावाला मी शेवटी ठेवलं, कारण घरातही तो शेवटीच राहिला. आई आजारी, बाप कामात. तो आमच्या गावी शिकला, पुण्यात नोकरीला लागला. तिसऱ्या मजल्यावर खोली. पावसाळ्यातही गॅलरीत अंथरूण टाकायचा. लग्नानंतर बायकोनं कारण विचारलं तर म्हणाला, उकडतं. स्वतःचा मुलगा नऊ वर्षांचा झाला त्या वर्षी त्याला लिफ्टमध्ये श्वास लागेना. तेव्हा प्रथम तो डॉक्टरकडे गेला, आणि प्रथमच कुणाला तरी सांगितलं की त्याला एक बहीण होती. उपचारांनी त्याला आराम पडला आहे. आता आत झोपतो, दाराजवळ.

मामा २०१४ साली गेले. त्यांच्या दहाव्याला तो मोकळेपणानं रडला. कुणी त्याला थांबवलं नाही. चुलते हयात होते, तेही शेजारी बसून रडत होते.

गेल्या ३० सप्टेंबरला मी तिकडे होते. आत्या सकाळी बायकांबरोबर स्मृतिस्तंभाकडे गेली. आतेभाऊ मला शेतात घेऊन गेला. मामांनी ते निवडून लावलेले दगड शेवटी बैलगाडीतून शेतात आणून त्यांचा बांध घातला होता, कंबरेएवढा, पक्का. मला हे माहीत नव्हतं. तो बांधाच्या कडेकडेनं चालत गेला आणि एका जागी वाकून गवत बाजूला केलं. मधल्या आकाराचा एक दगड, त्यात बोटभर भोक, भोकाभोवती काळपट चकाकी.

"खुंटीचा," तो म्हणाला. "ताईचं दप्तर असायचं हिला." मग त्यानं त्या भोकात बोट घातलं आणि आत अडकलेली माती काढायला लागला.